अक्का, गाळाची बारी तुमचीच होती

अक्का, तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. आपलं बोलणं बंद होऊन मात्र चार महिने होत आले, आणि त्यातले तीन-सव्वातीन महिने तुम्ही माझ्यापासून वीस पावलांवर राहत होतात. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी रडेन, तेव्हा मला कोणी फार चांगली जाऊ समजायला नको.

महेशनं तेराव्याच्या पत्रिकेवर तुमच्या फोटोखाली 'शांत, मनमिळाऊ' असं छापलं. ते वाचून मला हसू फुटलं, सगळ्या बायकांच्या देखत. त्यांना वाटलं हुंदका आला. कोणीतरी पाठीवरून हात फिरवला, कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला. तुम्ही आणि शांत! पोटच्या पोराला आईची एवढीच ओळख असावी? चरात पाणी अडलं की तुम्ही पाण्याला शिव्या घालायच्या. "चल की मुडद्या, हितं काय जेवणावळ बसलीय का तुजी?" आणि पाणी हललं की खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून त्याच्याकडे असं बघायच्या, जसं काही लेकरू शाळेत निघालंय.

आपल्या रानाची गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. बीड म्हटलं की लोकांना कोरडं रान दिसतं, टँकर दिसतो. आपलं रान कालव्याखालचं. वरून कालवा पाझरतो, खाली पुरुषभर काळी माती, आणि पाण्याला निघून जायला वाट नाही. निचरा झाला नाही की जमीन चिबड होते. पाय ठेवला की खालून पाणी वर येतं आणि आत मुळं कुजत बसतात. म्हणून मामंजींनी दोन्ही लेकांच्या वाटण्या करताना मधोमध चर काढला, कालव्याच्या अंगापासून थेट ओढ्यापर्यंत. चराच्या उगवतीला तुमचं रान, मावळतीला आमचं. वरचा निम्मा चर तुम्ही उपसायचा, खालचा ओढ्याकडचा निम्मा आम्ही. भावजींचा दमा वाढला आणि आमच्या ह्यांची कंबर गेली, तसा तो चर आपल्या दोघींच्या अंगावर आला. पंधरा-सोळा वर्षं आपण तो ओढला.

माझं माहेर पाटोद्याकडचं, डोंगरातलं. तिथे पाण्यासाठी भांडणं व्हायची. पाणी हाकलून लावणारी माणसं मी पहिल्यांदा तुमच्या घरी बघितली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी चराच्या काठावर उभी राहून तुम्हाला विचारलं होतं, "अक्का, एवढं पाणी कावून वाया घालवायलात?" तुम्ही खोरं टेकवलंत, पदरानं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "तुज्या माहेराला धाडू का? सांग तुज्या बापाला, हंडे घिऊन ये म्हणावं." मला राग आला होता. संध्याकाळी तुम्ही माझ्या ताटात तुमच्या वाट्याची दुधाची साय वाढलीत आणि वर म्हणालात, "नंदी, रुसलीस तर चरात ढकलीन."

चर उपसायचा कसा हे तुम्हीच शिकवलंत. सुरुवात कायम खालून, ओढ्याच्या तोंडापासून. आधी खाली वाट मोकळी, मग वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर वरचं पाणी गाळ घेऊन खाली येतं आणि उपसणाऱ्याच्याच पायात बसतं. म्हणजे आधी माझा निम्मा, मग तुमचा. पण तुम्ही पहिल्या दिवसापासून माझ्या निम्म्यात माझ्याबरोबर उतरायच्या. "माजं खोरं काय वाटणीत मोजून दिलंय का?" म्हणायच्या. लव्हाळ्याची मुळं तुम्ही तोडायच्या, मी गाळ फेकायची. काम झालं की एक कळशी भरून वरच्या टोकाला ओतायची आणि त्या पाण्याबरोबर चरातून चालत खाली यायचं. जिथं पाणी थांबेल तिथं तळ उंच राहिलाय. तिथं परत चार खोरी. मग परत वर जाऊन दुसरी कळशी. मी कंटाळायची. एकदा म्हणाले, "राहू द्या आता, पाऊस आला की काढील आपलं आपण वाट." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी गुपचूप कळशी उचलली.

आणि गाळ. कालव्याच्या अंगानं येणारा तो गाळ म्हणजे लोणी. ज्याच्या रानात पडेल त्याचं रान त्या वर्षी निराळंच दिसायचं. म्हणून मामंजींनी बारी लावून दिली होती. एक वर्ष सगळा गाळ उगवतीला, तुमच्या रानात. पुढच्या वर्षी सगळा मावळतीला, आमच्या. काठापासून दोन हात सोडून फेकायचा, नाहीतर पहिल्या सरीला परत चरात. इतक्या वर्षांत त्या बारीवरून आपलं एकदाही वाजलं नाही. बारी माझी असली की तुम्ही तुमचा निम्मा उपसताना गाळ वळून माझ्या रानाच्या बाजूला फेकायच्या, पाठ दुखेपर्यंत.

मी अंगणवाडीत लागले ते तुमच्यामुळे. तुम्हाला ते कधी नीट बोलून दाखवलं नाही. घरात कोणाच्या मनात नव्हतं. तुम्हीच ओसरीवर बसून भावजींना सुनावलंत, "बारावी शिकलेली हाय ती. चरातलं बेडूक व्हायला आणली का तिला?" ट्रेनिंगला महिनाभर जायचं होतं आणि नेमका चर उपसायचा महिना. मी परत आले तर माझा निम्मा उपसून झालेला. त्या वर्षी बारी आमची होती. गाळ आमच्या रानात पडला होता, काठापासून दोन हात सोडून, एका रेषेत. मी काय म्हणाले तेव्हा? म्हणाले, "तळ जरा उथळच राहिलाय की अक्का." तुम्ही हसलात. अक्का, तुम्ही तेव्हा माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?

मागच्या वर्षी वैशाखात भावजी गेले. चर कोणी उपसला नाही. त्या वर्षी गाळाची बारी आमची होती. यंदा उन्हाळा संपत आला तसा प्रश्न पडला, आता बारी कोणाची? तुमचं म्हणणं, बारी वर्षाची. मागचं वर्ष तुझं होतं, ते हुकलं, यंदाचं माझं. माझं म्हणणं, बारी गाळाची. मागच्या वर्षी गाळ निघालाच नाही, म्हणजे माझी बारी अजून शिल्लक. आणि यंदा गाळ दोन वर्षांचा, दुप्पट. आमचे हे हसायला लागले. म्हणाले, दोघी निम्मा निम्मा घ्या. ते कोणालाच नको होतं. आपण दोघी एकाच घरात दिलेल्या, माघार कुठून येणार?

तुमचं वाक्य मला लागलं. तुम्ही म्हणालात, "माजा माणूस मेला त्या वर्षाची बारी मागायलीस व्हय गं?" मी त्यावर म्हणाले, "माणूस मेला म्हणून बारी मरत न्हाई." अक्का, हे मी बोलले. ह्याच तोंडानं बोलले. तुम्ही आत गेलात आणि दार लावून घेतलंत. भर दुपारी, उन्हाळ्यात, दार लावून आत बसलात. मला तेव्हाच जाऊन दार वाजवायला हवं होतं. मी ज्वारी निवडत बसले.

मग ठरवलं, बारीचा निकाल लागल्याशिवाय मी माझ्या निम्म्याला खोरं लावणार नाही. तुम्ही तुमचा वरचा निम्मा एकटीनं उपसलात. गाळ तुमच्या रानात टाकलात. तुम्ही, जिनं मला खालून वर शिकवलं, तीच वरून आधी उपसून बसली, कारण खालचा निम्मा माझा होता आणि माझ्याशी बोलायचं नव्हतं. मी घरातून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता पाऊस येऊ दे, कळेल. कोणाला कळेल? पाणी काय बारी बघून थांबतं? माझ्याही रानात तूर होतीच की.

त्या महिन्यांत तुम्ही माझ्याशी कोंबड्यांमधून बोलायच्या. "खा गं बाई, तुला तरी गाळाची पडलेली न्हाई." मी शेळीला सांगायची, "गप बस, मोठ्या माणसांचं मोठं डोकं." हे मधे बसून दोन्हीकडचं ऐकायचे आणि कपाळाला हात लावायचे. कधी कधी मला हसू यायचं. एकदा तुमच्या घरातूनही हसल्याचा आवाज आला होता. तेवढ्यात कोणीतरी उठून आत-बाहेर केलं असतं तर संपलं असतं सगळं. मी वाट बघत होते की तुम्ही थोरल्या, तुम्ही याल.

भादव्यात पाऊस लागला तो सुटेचना. चार दिवस आभाळ खाली उतरलेलं. तुमच्या निम्म्यातून पाणी धावत आलं, बरोबर गाळ घेऊन आलं, आणि माझ्या निम्म्यात येऊन बसलं. लव्हाळ्यात, पाणकणसात. चर तुडुंब. दोन्हीकडच्या रानात पाणी पसरलं. तुमची बाजू हातभर खोल, म्हणून तुमची तूर आधी पिवळी पडली. पाचव्या दिवशी जरा उघडीप पडली. त्या सकाळी तुम्ही खोरं घेऊन चरात उतरलात. माझ्या निम्म्यात.

लोकांना मी जे सांगितलं ते असं. मी सकाळी पाणंदीनं गावात अंगणवाडीला गेले. हे माजलगावला गेले होते. दुपारी ह्यांचा फोन आला, "अक्का पडल्यात चरात, ये." मी पळत आले. तुम्हाला काठावर घेतलं होतं. गुडघ्यापासून खाली सगळा चिखल, चेहरा मात्र कोणीतरी पुसलेला. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. सगळे मला म्हणत होते, तू कुठं होतीस, तुला काय माहीत. मी मान हलवत होते.

दहाव्याच्या दिवशी, सगळे नदीवरून परत आल्यावर, मी चराकडे गेले. तोवर गेले नव्हते, पाय उचलत नव्हता. तुम्ही ओढ्याच्या तोंडापासून सुरुवात केली होती, खालून वर. पन्नास-साठ पावलं उपसून झाली होती. त्या ओल्या गाळात, एकटीनं, त्या वयात. आणि मी गाळ बघितला. सगळा मावळतीला. सगळाच्या सगळा माझ्या रानात. काठापासून दोन हात सोडून. तुमच्या बाजूला एक खोरंभर सुद्धा नव्हता.

मी तिथे खाली बसले अक्का. मी तो गाळ हातानं उचलून तुमच्या बाजूला फेकायला लागले. वेड्यासारखी. बारी तुमचीच होती. वर्षाची बारी, वर्षाचीच. माझं हुकलं ते हुकलं. हे बोलायला मला तीन महिने पुरले नाहीत आणि त्या दिवशी मी ते ओरडून ओरडून बोलत होते, चिखलात बसून. ह्यांनी येऊन मला उठवलं. त्यांना वाटलं दुःखानं झालंय. दुःखानंच झालं होतं, पण नुसतं दुःख नव्हतं ते.

तेराव्याची पंगत उठल्यावर महेश ओसरीवर बसला होता. डोक्यावरून टॉवेल घेतलेला. म्हणाला, "काकू, हा चर बुजवून टाकतो. जेसीबी सांगितलाय, तीन दिवसांनी येईल. माझ्या आईला खाल्लं ह्या चरानं. आयुष्यभर ह्यातच राबली आणि ह्यातच गेली." मी म्हणाले, "बाळा, चर बुजवला तर जमीन चिबड होईल. तुझीही आणि आमचीही. दोन वर्षांत पीक दिसणार न्हाई." तो म्हणाला, "होऊ द्या. मी कुठं पुण्याहून कसायला येणारंय?" आईचं जळतं दुःख घेऊन बसलेल्या पोराला कोण अडवणार? मग तो माझ्याकडे बघून एकदम मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही इथं असता तर तिला एकटीला उतरू दिलं नसतं, मला माहीत आहे."

मला दोन वाटा दिसत होत्या. गप्प राहिले तर चर बुजणार. मामंजींनी काढलेला, तुम्ही जन्मभर राखलेला, जेसीबीच्या दोन तासांत भुईसपाट. आणि खरं सांगितलं तर महेश माझं तोंड बघणार नाही. त्याला मी न्हाऊ घातलंय. त्याच्या गोवराच्या वेळी तुम्ही आणि मी आळीपाळीनं उशाशी बसलो होतो. मला एका लेकीनंतर दुसरं लेकरू झालं नाही, तेव्हा तुम्हीच त्याला माझ्या मांडीवर टाकून म्हणाला होतात, "हे बी तुजंच धर."

मी तिसरी वाट काढायला गेले. भित्रं माणूस कायम तिसरी वाट काढतं. मला वाटलं, दोन दिवस आहेत हातात. उरलेला चर उपसते. पाणी वाहतं करून दाखवते. महेशला दिसेल की चर माणूस खात नाही, पाणी घेऊन जातो. अंगणवाडीत रजा टाकली, तुमचं खोरं घेतलं आणि उतरले. तुम्ही जिथे थांबला होतात तिथूनच.

अक्का, मला जमलं नाही. ओला गाळ खोऱ्यावर उचलला की निम्मा परत पायाशी. काठ ढासळत होते. तुम्ही लव्हाळ्याची मुळं एका हिसक्यात कशी काढायच्या? मी ओढत राहिले, हाताला फोड आले, फुटले. दुपारी परत पाऊस आला. सकाळपासून केलेलं सगळं पाण्याखाली. मी तुम्हाला शिव्या घातल्या. तुमच्याच शिव्या, पाण्याला घालायच्या त्या. मग रडले. मग परत खोरं मारलं. दुसऱ्या दिवशी हे आले, कंबर धरून उतरले. दोघांनी मिळून वीस पावलं केली असतील. संध्याकाळी बघितलं तर तुमच्या तुरीनं माना टाकल्या होत्या. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती, तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी मी बधिर होते.

सकाळी जेसीबी आला. पिवळं धूड पाणंदीत फसत फसत आलं, महेश मागून मोटारसायकलवर. मी चरात उभी होते. ड्रायव्हरनं वरून हाक मारली, "मावशी, वर या, काम सुरू करायचंय." मी जागची हलले नाही. महेश काठावर आला. "काकू, असं नका करू. पाया पडतो तुमच्या."

मी म्हणाले, "महेश, तुज्या आईला चरानं न्हाई खाल्लं."

मी सांगायला लागले. लिहिते तसं नीट नाही सांगितलं, तोंडाला येईल तसं. गाळाच्या बारीचं भांडण त्याला माहीतच नव्हतं. तुम्ही फोनवर कधी बोलला नव्हतात. मी भावजींच्या वर्षाबद्दल काय बोलले ते सांगितलं. खालचा निम्मा माझ्या वाट्याचा होता आणि मी हट्टानं ठेवला होता हे सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे काकू, भांडणं होतात घरात." त्याच्या आवाजात अजून मऊपणा होता आणि मला तो सोसवेना.

मी म्हणाले, "मी पाणंदीनं गेलेच न्हाई. पाणंदीत त्या दिवशी गुडघाभर चिखल होता, कोण जाईल तिथून? मी चराच्या कडेनं गेले, चरावरच्या पुलावरून. मी तिला बघितलं."

जेसीबी चालूच होता. त्या आवाजात महेशला ऐकू गेलं की नाही, मला कळेना. त्यानं हातानं ड्रायव्हरला मशीन बंद करायला सांगितलं. सगळं शांत झालं.

"काय बघितलं?"

"ती माज्या निम्म्यात उतरली होती. लुगडं खोचून. मी पुलावर थांबले. मला वाटलं, उतरावं. चप्पल काढायला वाकले सुद्धा. मग वाटलं, आता ही गावात सांगत फिरेल, नंदीचा चर मी उपसला. मी छत्री उघडली आणि गेले. पाऊस नव्हता तरी उघडली."

महेशनं डोक्यावरचा टॉवेल काढला. केस काढलेलं डोकं, अगदी लहान असताना दिसायचा तसा दिसत होता. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. शिवी दे बाबा, अंगावर ये, काहीही कर. त्यानं एवढंच विचारलं, "तिनं बघितलं का तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. त्यानं त्याला बरं वाटलं असतं, मलाही. मी म्हणाले, "बघितलं. पाठ सरळ केली आणि हात केला."

"बोलवायला?"

"माहीत न्हाई रे."

तो वळला. ड्रायव्हरला म्हणाला, "जा परत." त्याच दुपारी पुण्याला गेला. निघताना ह्यांच्या पाया पडला. मी दारातच उभी होते. माझ्या बाजूनं गेला, मला धक्का लागणार नाही असा अंग चोरून गेला. तुमच्या घराला कुलूप आहे. कोंबड्या मी आमच्याकडे आणल्या आहेत, पण संध्याकाळी त्या तुमच्याच ओट्यावर जाऊन बसतात आणि मला हाकलून आणाव्या लागतात.

चर राहिला. गेल्या तीन दिवसांत आम्ही दोघांनी उरलेला उपसला, बुडाला टेकवून नाही, पण पाणी जाईल एवढा. काल सकाळी तोंडाशी पाणी हललं. निम्मी तूर गेली तुमची. निम्मी वाचेल असं हे म्हणतात. वापसा यायला, रान पाय ठेवण्याजोगं व्हायला, आठ दिवस लागतील. महेशला फोन केला होता, त्यानं उचलला नाही. ह्यांच्या फोनवरून केला तर उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. ह्यांना सगळं माहीत झालंय. ते मला काही बोलत नाहीत. जेवायला वाढलं की जेवतात. परवा मात्र ताटावरून उठता उठता म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस." मला वाटतं त्यांना मी चरात न उतरल्याचं दुःख तितकं नाही, जितकं हे न सांगितल्याचं आहे.

मला झोप लागते, खोटं कशाला सांगू. दमून लागते. पण जाग आली की पहिलं तेच डोळ्यासमोर येतं. तुम्ही पाठ सरळ करता, कपाळावर हात धरून पुलाकडे बघता आणि मग हात करता. तुम्ही मला बोलावत होतात का? दम लागला होता का तुम्हाला, छातीत काही होत होतं का, म्हणून बोलावत होतात? की नेहमीसारखं, जा जा, तुझी अंगणवाडी उघडायची वेळ झाली, मी बघते हितलं? तुम्ही आयुष्यभर मला हेच तर म्हणालात. तसं असेल तर मी जगू शकेन असं वाटतं. लगेच वाटतं, तसं असेल तर मी कशी जगू?

आज सकाळी मी ह्यांना म्हणाले, "जरा चरात जाऊन उभं राहा. अक्का होत्या तिथं." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कंबर धरत उतरले. मी पुलावर जाऊन उभी राहिले, त्या दिवशी होते तिथेच. ओरडून सांगितलं, "आधी ये म्हणून हात करा. मग जा म्हणून करा." त्यांनी पाठ सरळ केली आणि एकदा हात केला. थोडं थांबून परत केला.

अक्का, मला दोन्ही वेळा सारखंच दिसलं.